औषधाच्या रचनेत गंधक-नायट्रोजनची रिंग कशी वाचायची

बी.फार्म किंवा एमएस्सीला मेडिसिनल केमिस्ट्री असेल तर रचना पाठ करत बसू नका, वाचायला शिका. घरात गुडघेदुखीची मेलॉक्सिकॅमची पट्टी असेल तर तिथूनच सुरू करा, पबकेमवर (रसायनांची माहिती देणारी मोफत वेबसाइट) नाव टाका आणि आलेली रचना स्वतःच्या हाताने वहीत काढा, नुसती बघून डोक्यात राहत नाही.

आधी गंधक शोधा आणि तो रिंगच्या आत आहे की बाहेर ते बघा. इथेच भलेभले फसतात. सल्फामेथोक्साझोल या अँटिबायोटिकमध्ये 'सल्फा' आहे म्हणून रिंगमध्ये गंधक आहे असं लिहून मोकळे होतात, पण तो बाहेर सल्फोनामाइडमध्ये (गंधक-नायट्रोजनचा साखळीतला गट) असतो, रिंग आयसॉक्साझोलची, म्हणजे ऑक्सिजन-नायट्रोजनवाली. ॲसिडिटीच्या ओमेप्राझोलचंही तेच, गंधक दोन रिंगांच्या मधल्या पुलावर.

मग नाव फोडा. थाया म्हणजे गंधक, अझा म्हणजे नायट्रोजन, शेवटी ओल आलं तर पाच अणूंची रिंग, ईन सहाची, एपीन सातची. थायाझोल, थायाझीन, थायाझेपीन, झालं! बीपीच्या डिल्टियाझेममध्ये बेंझोथायाझेपीन (बेंझो म्हणजे चिकटलेली बेंझीनची रिंग) आहे हे परत पाठ करावं लागत नाही.

आता मेलॉक्सिकॅमकडे या. एकाच गोळीत दोन्ही प्रकार सापडतील, एका टोकाला बेंझोथायाझीन (त्यातल्या गंधकावर दोन ऑक्सिजन, शेजारीच नायट्रोजन) आणि दुसऱ्या टोकाला छोटी थायाझोल. थायाझोलला नंबर द्या, गंधक 1, नायट्रोजन 3, आणि 5 नंबरच्या कार्बनवर पेन्सिलने गोल करा, तिथे एक मिथाइल (CH3 गट) आहे. तो मिथाइल खोडलात की सुडॉक्सिकॅम होतं, जे लिव्हरला त्रास झाल्यामुळे ट्रायलमध्येच थांबवावं लागलं. कारण मोकळी थायाझोल लिव्हरमध्ये ऑक्सिडाइज होऊन फुटते आणि त्यातून थायोयुरियासारखा त्रासदायक तुकडा निघतो, मेलॉक्सिकॅममध्ये मात्र लिव्हरचे एन्झाइम मुख्यतः त्या मिथाइललाच धरतात आणि रिंग बरीचशी वाचते. मला तर अख्ख्या सिलॅबसमधलं हे सगळ्यात भारी उदाहरण वाटतं.

म्हणून कुठलीही थायाझोल दिसली की 4 आणि 5 नंबर मोकळे आहेत का ते तपासा. मोकळे असले म्हणजे औषध वाईटच असं नाही हं, डोस किती आणि रेणू दुसरीकडून फुटतो का तेही बघावं लागतं. फॅमोटिडीन घ्या, त्यातल्या थायाझोलचा 5 नंबर मोकळाच आहे आणि तरी ॲसिडिटीला वर्षानुवर्षं चालतंय.