बंद कौलारू घर घेताना: पाहणीत सापडलेले दोष आणि विक्रेत्याशी होणारा वाद

कोकण किनाऱ्यावर वर्षानुवर्षे बंद असलेले घर विकत घेताना पाहणीनंतर जो वाद होतो, त्यात विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: "घर तुम्ही पाहूनच घेताय ना?" मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, मात्र करारात वेगळे ठरले असल्यास हे संरक्षण उरत नाही. म्हणूनच मसुद्यात "आहे त्या स्थितीत" हे शब्द दिसले, तर विसार देण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

फुटलेली कौले किंवा ढासळलेला गडगा यांवर नंतर भांडता येत नाही, कारण ते कोणालाही दिसतात. खरा वाद दडलेल्या दोषांवरून होतो. त्यासाठी गवंडी आणि सुतार सोबत नेऊन, विक्रेत्यासमक्ष, जमल्यास भर पावसाळ्यात पाहणी करावी. वाशांची भिंतीत टेकलेली टोके व आढे टोचून पाहावे, कारण वाळवी बाहेरून रंगवलेले लाकूडही आतून पोखरते. जांभ्याच्या भिंतीची ओल किती उंचीपर्यंत चढली आहे, हे नोंदवावे. विहिरीचे पाणी मात्र वैशाखातच तपासावे. खाडीलगत ते तेव्हा मचूळ होण्याची शक्यता असते.

यानंतर "घर पडके आहे" असे मोघम बोलून किंमत पाडायला जाऊ नये. त्याने विक्रेता दुखावतो आणि बोलणे तुटते. प्रत्येक दोषापुढे दुरुस्तीचा खर्च लिहिलेला, मिस्त्रीच्या सहीचा कागद द्यावा. विक्रेत्याला आकडा पटत नसेल, तर त्याने आपला मिस्त्री आणावा आणि दोघांच्या अंदाजांमधला फरक तेवढा वाटाघाटीत घ्यावा. दुरुस्ती विक्रेत्याने करून द्यावी, असा आग्रह सहसा धरू नये. घाईत केलेल्या दुरुस्तीत पोखरलेल्या वाशावर फक्त रंगाचा हात फिरतो. त्याऐवजी किंमत कमी करून घेणे बरे.

इथे आणखी एक अडचण असते. घर दाखवणारा चुलता गावात आणि सातबारावरील बाकीचे सहहिस्सेदार मुंबईत, अशी स्थिती असेल, तर चुलत्याने तोंडी मान्य केलेली सवलत इतरांना बांधील ठरेलच असे नाही. दोषांची यादी, कमी झालेली रक्कम आणि व्यवहार मोडल्यास विसार परत करण्याची मुदत या तिन्ही बाबी साठेकरारात, म्हणजे खरेदीखतापूर्वीच्या करारात, लिहून सर्वांच्या, किंवा रीतसर मुखत्यारपत्र असलेल्याच्या, सह्या घ्याव्यात.

घर बँकेच्या लिलावातले असेल, तर वाद घालायला समोर विक्रेता नसतोच. थकीत कर्जासाठी बँकेला तारण मालमत्ता विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालील विक्री सामान्यतः "आहे तेथे, आहे त्या स्थितीत" या अटीवर होते आणि यशस्वी बोलीदाराला २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा उशिरात उशिरा पुढील कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. त्यामुळे पाहणीची संधी मागून घ्यावी, मिस्त्रीने काढलेला दुरुस्तीचा खर्च आपण ठरवलेल्या कमाल रकमेतून आधीच वजा करावा आणि उरलेल्या रकमेच्या आतच बोली लावावी.