लावणीला गावी निघण्याआधी

मृग लागतो ७-८ जूनला. आमच्याकडे भातलावणीचा खरा धबडगा आर्द्रात, पाऊस रेंगाळला तर पुनर्वसूत. म्हणजे डोंबिवलीहून कुडाळला जाणाऱ्या आम्हा चाकरमान्यांना तयारीला अख्खा मे मिळतो. तो जातो तिकिटाच्या धावपळीत आणि कुठले जुने कपडे चिखलात घालायचे या वादात. म्हणून यंदा घरातल्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतेय. साप-विंचवांची भीती प्रत्येकाला आहेच, त्यांच्याबद्दल सांगायला नको. ही यादी मातीतल्या जंतूंची आहे.

सगळ्यात आधी धनुर्वाताचं इंजेक्शन. शेवटचं कधी घेतलं, हे घरात विचारून बघा. कोणालाच आठवत नाही, नाहीतर खरचटलं की दर सहा महिन्यांनी घेणारे निघतात. दोन्ही चूक. लहानपणाचे डोस पूर्ण झाले असतील तर दहा वर्षांनी एक पुरतो. जखम खोल आणि मातीने भरलेली असेल तर डॉक्टर पाच वर्षांचा हिशेब लावतात. आता सरकारी दवाखान्यात ‘टीटी’ऐवजी ‘टीडी’ मिळते. त्यात घटसर्पाचीही लस असते, नाव वेगळं ऐकून परत फिरू नका. घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडे नीट लक्ष द्या. आत्याला आयुष्यात एकही डोस मिळाला नव्हता, आणि चिखलात सगळ्यात जास्त वेळ तीच वाकलेली असते. अशांना एका टोचणीने भागत नाही. पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, सहा महिन्यांनंतर तिसरा. मेच्या सुरुवातीला पहिला घेतला तर लावणीआधी दोन होतात, म्हणून हे यादीत वर.

गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो हे आपण सगळेच ऐकत आलोय. गंजाचा त्यात काही दोष नाही. या जंतूचे बीजाणू मातीत आणि शेणखतात वर्षानुवर्षं पडून राहतात, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांना रुजायला हवा नसलेली जागा लागते, आणि खिळा ती खोलवर करून देतो. करवंदीचा काटाही तेच करतो. बर्लिनमध्ये किटासातो यांनी १८८९ साली हा जंतू पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वाढवला तो ऑक्सिजन दूर ठेवूनच. म्हणून काटा मोडला की वरून घट्ट पट्टी आवळायची नाही. साबण आणि भरपूर वाहतं पाणी. शेण, चुना, ‘आपल्याच शेतातली माती’ असलं काहीही जखमेत भरायचं नाही. काकी रागावेल, रागावू दे.

दुसरं, साखर. रक्तातली. हे वाचून घरात हसू होईल, पण माझ्या मते अख्ख्या यादीत हेच सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या मातीत मेलिऑयडोसिस नावाच्या आजाराचा जंतू राहतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोन डॉक्टरांनी तो १९११ साली रंगूनमध्ये ओळखला. थायलंडच्या ईशान्येकडच्या भातशेतकऱ्यांना तो चांगलाच माहीत आहे. आपल्या शेजारी उडुपी-मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात त्याचे रुग्ण निघतात, आणि भारतातल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १९९१ सालची, मुंबईतली आहे. हा कापल्या-खरचटल्या कातडीतून शिरतो, पाण्यातून पोटात जातो, वादळी पावसात उडालेल्या तुषारांबरोबर श्वासातूनही जातो. धडधाकट माणसाला बहुधा काही करत नाही. पण ज्यांना तो गाठतो त्यांच्यात निम्म्याहून अधिक मधुमेही असतात. मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि रोज पिणारेही त्याच्या तावडीत लवकर सापडतात.

आमचे काका गावी गेले की गोळ्या बंद करायचे. ‘घाम गाळतोय, साखर आपोआप उतरते’ हे त्यांचं शास्त्र. तीन वर्षांपूर्वी लावणीनंतर त्यांना ताप भरला, खोकला आला, फोटोत छातीत डाग दिसला. टीबी म्हणून औषधं सुरू झाली. ताप हटेना. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘काका, तुम्ही शेतात उतरता का?’ तिथून पुढे रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, मग दोन आठवडे शिरेतून इंजेक्शनं आणि तीन महिने गोळ्या. नेहमीची पेनिसिलीन किंवा जेंटामायसिन या जंतूवर चालत नाहीत. काका वाचले, या वर्षी बांधावर खुर्ची टाकून सूचना द्यायला येणार आहेत. तर मेमध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची साखर तपासून घ्या. आकडा वाढलेला असेल तर चिखलात उतरायचं नाही. तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाहायला नाही, जेवण पोचवायला या. गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या सोबत घ्या, गावच्या दुकानात त्याच कंपनीच्या मिळतीलच असं नाही.

मग पाय. निघण्याआधी आठवडाभर रोज रात्री बघा. भेगा भरल्यात का, बोटांमध्ये चिखल्या आहेत का, नखं मुळापर्यंत कापून रक्त काढलंय का. भेगांना खोबरेल तेल, चिखल्यांना डॉक्टरने दिलेलं मलम. उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबा. गमबुटांबद्दल प्रामाणिकपणे सांगते: गुडघाभर चिखलात ते रुततात, पाय बाहेर येतो आणि बूट कुणग्यातच, म्हणजे भाताच्या खाचरातच, राहतो. प्रत्यक्ष लावणीत ते कोणी घालणार नाही. पण बांध घालताना, गोठा साफ करताना, शेणखत उपसताना घालता येतात, तिथे सबब नको. लावणीत छोट्या जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, आणि दुपारी वर आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करणं. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, बुचकळणं म्हणजे धुणं नव्हे.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचं, आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. उंदराच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून तो ओल्या मातीत उतरतो आणि तिथे आठवडे काढतो. त्यासाठी डॉक्सीसायक्लीन देतात, पण किती आणि कधी ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवायचं. शेजाऱ्याची उरलेली गोळ्यांची पट्टी नको. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती बहुधा देत नाहीत. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, घशात जळजळते. पाणी उकळूनच; बांधावर नेताना पेजेबरोबर एक बाटली तीही.

पिशवीत साबण, पट्ट्या, कापूस, आयोडीनचं मलम, चिमटा, टॉर्च. चिमटा विसरला की काटा सुईने काढतात, आणि सुई कुठून येते ते मी पाहिलंय.

शेवटचं परत आल्यानंतरचं. एक चिठ्ठी लिहून आधार कार्डाबरोबर पाकिटात ठेवा: चिखलातला पहिला दिवस, शेवटचा दिवस, जखम झाली असेल तर कुठे, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख. तीन आठवड्यांत ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखल्या, जबडा आवळला, तर ती चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवायची. शहरातला डॉक्टर पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच शोधणार, त्याला तुमच्या पायाखालचा कुणगा दिसत नाही. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर घेता येईल का, हेही विचारा. मेलिऑयडोसिसचा जंतू कधीकधी काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी डोकं वर काढतो, तेव्हा गणपती झाले म्हणून चिठ्ठी फेकू नका. काकांची अजून त्यांच्या पाकिटात आहे, बसच्या पासामागे, घडीवर फाटलेली.