गिअर टाकताना खरखर? आधी क्लच तपासा

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबून ४-५ सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बंद असताना अलगद पडतो आणि चालू असताना खरखरतो, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. गिअरबॉक्स उघडायची घाई नको. पेडलचा दाब ऑइलमधून क्लचपर्यंत पोचवणाऱ्या मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती पाहा, लाइनमधली हवा काढा. हायड्रॉलिक क्लचचं ऑइल ओल शोषतं. मालवण-रत्नागिरीच्या दमट हवेत ते २ वर्षांनी बदलाच.

खरखर फक्त दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरला, वरच्या आरपीएमवर येते? मग त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी पितळी रिंग) झिजली असणार. जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ भरू नका: रिंगची पकड सुटते, शिवाय त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळ खाऊ शकतात. पावसात गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल तर गिअरबॉक्सचं थोडं ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. पितळी चकाकी म्हणजे रिंगचा चुरा.

रिंग बदलेपर्यंत आंबा घाटात गिअर उतरवताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलका रेस, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. जबरदस्तीने ढकलू नका; गिअरचे दात जातात.