आधी अडथळा ओळखा: विशेष शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सहाय्यक साधने कशी वापरावीत

नाशिक जिल्ह्यातील अनेक विशेष शिक्षकांच्या हाती शाळेचा एखादा टॅब्लेट किंवा स्वतःचा मोबाइल एवढेच साधन असते आणि समोर मात्र अगदी वेगवेगळ्या गरजांची मुले असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. या सर्वांना पुरेल असे एकच ॲप अस्तित्वात नाही, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नये. कोणतेही ॲप उघडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहावे: या मुलाला पाठ समजत नाही, की पाठापर्यंत पोहोचताच येत नाही?

हा भेद न केल्यामुळे होणारे नुकसान मी वर्गात वारंवार पाहिले आहे. वाचनाची अध्ययन अक्षमता असलेल्या मुलीला आपण पाठ सोपा करून देतो, तेव्हा तिच्या वयाला आणि बुद्धीला साजेसा आशयच तिच्याकडून काढून घेतो. तिची अडचण आशयात नसून अक्षरांत असते. ‘कि’मधील वेलांटी क च्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार क च्या नंतर होतो, आणि जोडाक्षरात तर अर्धे अक्षर ओळखूच येत नाही. तिला मूळ पाठ जसाच्या तसा ऐकवावा आणि ऐकताना शब्दांवरून बोट फिरवू द्यावे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी मात्र भाषा सोपी करणे खरोखर गरजेचे असते.

पाठ ऐकवण्यासाठी मोबाइलच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज डाउनलोड करून घ्यावा. सुरगाणा, पेठ अशा भागांत नेटवर्क नेहमी मिळेलच असे नाही, म्हणून हे काम घरी किंवा शहरात असतानाच उरकावे. त्यानंतर पाच मिनिटे स्वतः ऐकावे. हिंदी आवाज निवडलेला राहिला असेल, तर ‘चाक’, ‘जाळे’, ‘झाड’ या शब्दांतील च, ज, झ यांचे उच्चार चुकतात आणि जे मूल कानावर विसंबून शिकते त्याच्या मनात तेच पक्के बसतात. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये केलेल्या फाइली ही आणखी एक नेहमीची अडचण आहे. फाइलमधील एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहावी. ती निरर्थक चिन्हांसारखी दिसली, तर कोणताही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे साधन, ती वाचू शकणार नाही. अशा वेळी पानाचा सरळ, सावली नसलेला फोटो काढून गूगल लेन्ससारख्या साधनाने मजकूर पुन्हा मिळवावा आणि मूळ पानाशी ताडून पाहावा. पूर्ण अंध विद्यार्थ्यासाठी अँड्रॉइडवरील टॉकबॅक आणि संगणकावरील एनव्हीडीए हे दोन्ही स्क्रीन रीडर विनामूल्य आहेत. ते शिकवण्यासाठी रोज थोडा वेळ राखून ठेवावा, मात्र त्यामुळे ब्रेल बंद करू नये, कारण शुद्धलेखन केवळ ऐकून येत नाही.

आता भाषा सोपी करण्याविषयी. चॅटजीपीटी किंवा जेमिनी अशा चॅटबॉटला नुसते ‘सोपे करून दे’ असे सांगितले, तर वाक्ये तोडली जातात आणि ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘तरीही’ हे दुवे गळून पडण्याचा धोका असतो. गंगापूर धरणातून पाणी सोडले, म्हणून गोदावरीची पातळी वाढली आणि नाशिकच्या नदीकाठावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी चढले, ही माहिती तीन सुट्या वाक्यांत दिली, तर पूर का आला हेच मुलाला कळत नाही. वाक्ये छोटी झालेली असतात, पण अर्थ अधिक अवघड झालेला असतो. त्यामुळे सूचना नेमकी द्यावी. मी साधारण अशी लिहिते: ‘खालील उतारा बारा वर्षांच्या, चित्रांच्या आधाराने वाचणाऱ्या मुलासाठी मराठीत लिही. एका वाक्यात सहा ते आठ शब्द असू देत. कारण आणि परिणाम जोडणारे शब्द काढू नकोस. उताऱ्यात नसलेली माहिती घालू नकोस. कठीण शब्द बदललास, तर शेवटी तसे सांग.’ आलेला मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. नामाचे लिंग, विभक्तीचे प्रत्यय आणि हिंदी वळणाची वाक्ये या ठिकाणी चुका विशेष करून आढळतात. तपासायला वेळ नसेल, त्या दिवशी यंत्राचा मजकूर वर्गात नेऊ नये.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला एखाद्या प्रसंगाची पूर्वतयारी करून देण्यासाठी चित्रकथा उपयोगी पडते. नाशिकच्या सिटीलिंक शहर बसने निमाणी थांब्याहून शाळेत येणे हा प्रसंग घेतला, तर ‘मी थांब्यावर उभा राहतो’ अशी आठ-दहा वाक्ये यंत्राकडून लिहून घ्यावीत, परंतु चित्रे यंत्राकडून काढून घेऊ नयेत. बसचा रंग, दाराची जागा, आसनांची रचना यांतील फरक अशा मुलाच्या चटकन लक्षात येतो आणि सगळी कथाच त्याला अविश्वसनीय वाटू लागते. त्या थांब्याचे आणि त्या बसचे फोटो स्वतः काढावेत. ‘कधी कधी बस उशिरा येते’ हे वाक्य त्यात असलेच पाहिजे, नाहीतर उशीर होईल त्याच दिवशी कथा निरुपयोगी ठरेल.

जे मूल बोलत नाही, त्याच्यासाठी चित्रांवर बोट ठेवताच बोलणारी ॲप मिळतात. आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो आणि चेन्नईत तयार झालेले आवाझ ही त्यांतील दोन. पहिल्या आठवड्यात पन्नास खाद्यपदार्थांची चित्रे भरण्याऐवजी ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘मदत’, ‘झालं’ हे शब्द द्यावेत, कारण हे शब्द दिवसभर उपयोगी पडतात. बटणावरील क्रियापद मुलाच्या लिंगाप्रमाणे आहे ना, हे पाहावे. मुलग्याच्या तोंडी ‘मी जाते’ असे वाक्य घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे. बागलाण-मालेगावकडच्या घरात अहिराणी बोलली जात असेल, तर शक्य तिथे आई-वडिलांच्याच आवाजात शब्द नोंदवून घ्यावेत. मोठ्यांनीही स्वतः बोलताना तीच बटणे दाबून दाखवावीत, कारण कोणतेही मूल भाषा आधी पाहते-ऐकते आणि मग वापरते. शिक्षा म्हणून हा टॅब्लेट कधीही काढून घेऊ नये. तो त्या मुलाचा आवाज आहे.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप बोललेले मराठी पडद्यावर उमटवते. फोन शिक्षकाच्या जवळ आणि पंख्याच्या आवाजापासून दूर ठेवावा. ज्या मुलाची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्याच्यासाठी मात्र ही धावती अक्षरे पुरेशी नाहीत, त्याला खुणा जाणणारा माणूस लागतोच.

खाजगीपणाबाबत सवलत घेऊ नये. मुलाचे नाव, फोटो, तपासणी अहवाल किंवा यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक कोणत्याही चॅटबॉटमध्ये टाकू नये. ‘विद्यार्थी अ’ एवढेच लिहूनही काम होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणून पालकांना समोर बसवून, त्यांना समजेल अशा भाषेत साधनाची माहिती द्यावी. निदानाचा प्रश्न यंत्राला विचारूच नये, ते काम तज्ज्ञांचे आहे.

एका वेळी एकच साधन घ्यावे आणि तीन आठवडे साधी नोंद ठेवावी: मुलाने न सांगता ते किती वेळा हाती घेतले, कोणती कृती स्वतः पूर्ण केली, कुठे चिडले. तीन आठवड्यांनंतरही आपण आठवण करून दिल्याशिवाय ते वापरले जात नसेल, तर आधी ठरवलेला अडथळा पुन्हा तपासावा. ही नोंदवही पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांकडे टॅब्लेटबरोबरच सोपवावी.