बुकशेल्फ स्पीकर घेताय? मग तानपुरा लावून बघा

दुकानात ऐकून लगेच पैसे काढायचे नाहीत, एवढं पाळलंत तरी अर्धं काम झालं. इंदूरचा जेल रोड असो की एम.जी. रोड, दुकानदार हमखास दणदणीत बेसवालं गाणं लावतो, आवाज चढवतो आणि आपण खुश. यात गोम अशी की दोन जोड्यांमधली जी किंचित मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते, एखाद्या डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा आवाज मोठा आहे असं वाटतच नाही, 'क्लिअर' आहे असं वाटतं. म्हणून सरळ विचारायचं, भैया दोन दिवस घरी लावून बघतो, नाही जमलं तर परत आणतो. ओळखीचा असेल तर देतो. नाही म्हणाला तर जिथे रिटर्न आहे तिथून घ्या.

डब्यावरचे वॅट बघू नका, पीएमपीओचा (क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला) आकडा तर वाचूसुद्धा नका. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते. लहान स्पीकरची साधारण ८४ ते ८८ डेसिबल असते आणि तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला अँप्लिफायरकडून दुप्पट पॉवर लागणार, म्हणजे घरी जुना छोटा अँप असेल तर ८४ वाला स्पीकर त्याचा घाम काढेल. इम्पीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) ४ ओहम असेल तर अँपला ४ चालतं का ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, बघून घ्या. अँप आतच असलेला अ‍ॅक्टिव्ह स्पीकर असेल तर हा पॅरा सोडून द्या.

आता घरी. नावात बुकशेल्फ आहे म्हणून शोकेसमध्ये टीव्हीशेजारी किंवा फडताळात कोंबायचे नाहीत प्लीज. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की बेस फुगतो, मग लोक स्पीकरला नावं ठेवतात. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, ट्वीटर (बारीक आवाज काढणारा छोटा गोल) कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर नि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण. आपल्याकडे कोटा स्टोन नाहीतर टाइल्स, उघड्या भिंती, एक टाळी वाजवा, पाठोपाठ झणझण ऐकू आली तर आधी सतरंजी टाका आणि पडदे ओढा, त्याशिवाय ट्रेबलबद्दल, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाजांबद्दल, काही मत बनवू नका. आणि कूलर बंद! मे महिन्यात हे सांगणं म्हणजे अत्याचार आहे, पण त्या घरघरीत बारीक काही ऐकूच येत नाही, त्यापेक्षा रात्री उशिरा ऐका.

पहिली टेस्ट वायरची. जुनं मोनो रेकॉर्डिंग (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) लावा, गाणारा बरोब्बर मधोमध, दोन्ही स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा पाहिजे. आवाज पसरट, डोक्याच्या आजूबाजूला तरंगल्यासारखा आणि बेस गायब असेल तर एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागलीय.

मग गळा. आपण इंदूरचे, त्यामुळे इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँसाहेब लावायला वेगळं कारण नको, पण इथे ते कामाचेही आहेत, कारण मंद्रातलं (खालच्या सप्तकातलं) एवढं संथ गाणं की लपायला जागाच नाही. खालचे स्वर घेताना गळा छातीतून आल्यासारखा वाटतो की डब्यातून, तेवढं बघा. त्यानंतर बाईचा आवाज, शब्द ओळखीचे असलेलं काहीही, आणि 'स', 'श', 'च' कानाला टोचतात का ते बघा. पाच मिनिटं टोचत नाही, अर्ध्या तासाने टोचतं, म्हणून लांब ऐका.

माझी सगळ्यात लाडकी टेस्ट मात्र तानपुऱ्याची. फोनवरचं तानपुरा अ‍ॅप, पुरुषांची पट्टी काळी एक. पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास, जोड (मधल्या षड्जाच्या दोन तारा) १३९, खर्ज (सगळ्यात खालचा षड्ज) ६९. पाच इंची वूफर (जाड आवाज काढणारा मोठा गोल) ६९ला बहुतेक दमलेला असतो, तरी खर्ज ऐकू येतो कारण वरच्या स्वरांशांवरून (तारेतूनच निघणाऱ्या पटीतल्या बारीक स्वरांवरून) मेंदू तो भरून काढतो. त्यामुळे खर्ज थोडा हलका असला तर चालेल. पण काही स्पीकरमध्ये बेस भरपूर वाटावा म्हणून १००च्या आसपास मुद्दाम फुगवटा दिलेला असतो, तिथे पंचम घुमतो आणि बाकीच्या तारा मागे पडतात. आता लगेच स्पीकरला दोष देऊ नका, खोलीही हेच करते, समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर ५६ आणि ११२ हर्ट्झला घुमणं येतंच. म्हणून खुर्ची दोन फूट पुढेमागे करा, घुमणं बदललं तर खोलीचा दोष, सगळीकडे तसंच राहिलं तर बहुतेक स्पीकरचा. मग पट्टी काळी दोन करून बघा, सगळ्या तारा वर सरकतात, घुमणं दुसऱ्या तारेवर गेलं किंवा कमी झालं तर कुठला स्वर फुगलाय ते नेमकं कळतं. एवढं तर कुठलाच सेल्समन सांगणार नाही.

तबल्यावर फार वेळ घालवू नका, डग्ग्याची घुमक सुरू होते तशीच थांबते का, की मागे शेपूट राहते, एवढंच.

दोन जोड्यांत ठरवायचं असेल तर फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, खुर्चीतून दोन्हींवर पिंक नॉइज (टेस्टसाठीचा एकसारखा खळखळाट) वाजवून आवाज सारखा करा, आणि वायरी बदलायचं काम घरातल्या कोणाला तरी द्या, कुठली जोडी चालूय ते न सांगता. किंमत माहीत असली की कान प्रामाणिक राहत नाहीत. आणि शेवटी अगदी हळू आवाजात ऐका, घरचे झोपल्यावर ऐकतो तेवढ्याच, कारण रोजचं ऐकणं तेच असणार. तेवढ्यातही शब्द कळले पाहिजेत.

जुनी जोडी घेत असाल तर जाळी काढून वूफरच्या कडेचा फोम बघा, तो वर्षानुवर्षांनी कुजून बोटाला चुरा लागतो. मग पंजाची बोटं पसरून कोन (वूफरचा मधला शंकूसारखा पडदा) सगळीकडून सारखा, हलक्या हाताने आत दाबा, खरखर आली तर कोनामागची तारेची कॉइल घासतेय, कितीही स्वस्त असला तरी सोडा. नुसता फोम गेला असेल तर बदलून मिळतो, तेवढे पैसे कापून भाव करा.