ओपीडीत विद्यार्थ्याला रुग्णासमोर कसे बसवावे

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत सकाळी केस पेपरची रांग वाढत जाते आणि एमबीबीएसचे विद्यार्थी शिक्षकाच्या खुर्चीमागे उभे राहून चिठ्ठीवर काय लिहिले जाते एवढेच पाहत राहतात. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाचा भर विद्यार्थ्याने स्वतः करून दाखविण्यावर असला, तरी गर्दीच्या दिवशी ही रीत सुटत नाही. ती सोडवायची असेल, तर शिक्षकाने सगळी रांग शिकवायला घेऊ नये. प्रत्येक विद्यार्थ्याला एक किंवा फार तर दोन रुग्ण द्यावेत, रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी आणि बाजूच्या टेबलावर त्यांना स्वतंत्र बसू द्यावे. धाप लागलेला किंवा ग्लानीत असलेला रुग्ण मात्र थेट वरिष्ठांकडेच जावा.

विद्यार्थी परत आला की शिक्षकाने आपले निदान लगेच सांगू नये. अमेरिकेतील कौटुंबिक वैद्यकाच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘एक मिनिटाचा शिक्षक’ ही पद्धत आपल्या गर्दीतही चालते. आधी ‘तुला काय वाटते?’ असे विचारून विद्यार्थ्याला एका मतावर ठाम करावे, मग ‘कशावरून?’ असे विचारावे, त्यानंतर त्या रुग्णातून निघणारा एकच नियम सांगावा, काय बरोबर केले ते नेमके सांगावे आणि चूक दुरुस्त करावी. यातील पहिला प्रश्नच सर्वांत अवघड आहे, कारण तो विचारल्यावर शिक्षकाला गप्प बसावे लागते. चुकीची दुरुस्ती शक्यतो रुग्णाच्या माघारी करावी. उपचार बदलणार असतील, तर मात्र तिथेच बोलावे.

प्रौढांच्या ओपीडीत ‘कसंतरी होतंय’ या तक्रारीची उकल करणे हा उत्तम धडा असतो. ही चक्कर आहे, अशक्तपणा आहे, धडधड आहे की मनावरचा ताण, हे प्रश्न न लादता काढून घ्यायला विद्यार्थ्याने शिकावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे बसवावे, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मोजताना बोलू नये, हे सांगण्यापेक्षा त्याच्याकडून दोनदा करून घ्यावे. रुग्णाने आणलेली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावणे मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या अनेकदा तिथेच सापडतात आणि रक्तदाब आटोक्यात का येत नाही याचा उलगडा होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी लिहिली की नाही, तेही पाहावे.

बालरोग ओपीडीत क्रम उलटा होतो. मूल आईच्या मांडीवर शांत असतानाच, हात लावण्यापूर्वी, सदरा वर करून श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास जलद मानले जातात. घसा आणि कान अखेरीस पाहावेत, कारण एकदा रडू सुरू झाले की छाती नीट ऐकू येत नाही. मूल दूध किंवा पाणी घेते का, सगळे उलटून टाकते का, झटके आले का आणि ते सुस्त आहे का, हे चार प्रश्न सर्दीच्या मुलाबाबतही विचारण्याची सवय लावावी.

मुलांच्या औषधाचे माप हा स्वतंत्र पाठ करावा. पॅरासिटामॉलचे सिरप पाच मिलिलीटरमध्ये १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते, त्यामुळे दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे द्यायचे झाल्यास पहिल्यातून सहा आणि दुसऱ्यातून तीन मिलिलीटर लागते. ‘एक चमचा’ असे लिहिलेली चिठ्ठी परत करावी. जुलाबाच्या मुलासाठी ओआरएसचे पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलिलीटरचे, हे विद्यार्थ्याने पाकीट हातात घेऊन वाचावे आणि मग ते कसे कालवणार हे आईलाच सांगायला लावावे. नुसत्या ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आई नेहमी होच म्हणते.

पोस्टिंगच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला आपल्या एका रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि पुढच्या भेटीची तारीख टिपून ठेवायला सांगावी आणि त्या दिवशी तोच रुग्ण त्याच विद्यार्थ्याकडे पाठवावा.