बाळ येण्याआधी दोघांची दोन दिवसांची सहल : बेळगाव-खानापूर भागातून कशी आखायची

आमच्या भागात पहिलटकरीण सातव्यात ओटी भरून घेते आणि मग माहेरी जाते. त्यानंतर बाळंतपण, सव्वा महिना, आणि पुढेही बहुतेक महिना-दोन महिने माहेरीच. म्हणजे नवरा-बायको दोघंच असण्याचे जे दिवस हातात असतात ते ओटीभरणाच्या अलीकडचे. मला हे पाचवा संपत आला तेव्हा कळलं, आणि त्याच आठवड्यात आम्ही खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडे दोन रात्रींसाठी जायचं ठरवलं. पुढे लिहिलंय ते त्या अनुभवावरून, आणि नंतर बहिणीच्या व मैत्रिणीच्या वेळी परत परत सांगावं लागलं त्यावरून.

आधी तारीख

चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्याचा काळ प्रवासाला चांगला. मळमळ कमी झालेली असते, पोट अजून फार जड झालेलं नसतं. त्यातही बाळाच्या अवयवांची मोठी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होते, ती होऊ द्या. साखरेची तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांत असते. या दोन्हींच्या मधे जो शनिवार-रविवार मिळेल तो धरा. सोनोग्राफीचा कागद हातात असला की मन हलकं होतं, आणि हलक्या मनाने गेलेलंच बरं.

ऋतू पण बघा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, कणकुंबीत, आणि आंबोली, चोर्ला घाटांत पाऊस नुसता कोसळतो; धुकं, पडलेली झाडं, घाटात खचलेली माती. ते दिवस टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

मग डॉक्टर, आणि घरची मंडळी

डॉक्टरांना नुसतं "जाऊ का?" विचारू नका. कुठं, किती तास, रस्ता कसा, किती रात्री हे सांगून विचारा. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, मधे रक्तस्राव झाला असेल, बीपी वाढत असेल, जुळी असतील, आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालं असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, तर डॉक्टर बहुतेक नकोच म्हणतील. अशा वेळी हट्ट नको. घरीच फोन बंद ठेवून दोन दिवस काढले तरी चालतात.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "असल्या दिवसात घाटातनं कुठं गं जाताय?" मी वाद घातला नाही. घाट नाही, जांबोटीपर्यंतच, तासाभराची वाट आहे, हे सांगितलं, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद दाखवला. "मग जावा, खरं रोज रात्री फोन करा," एवढ्यावर मिटलं. मोठी माणसं नकार द्यायचा म्हणून अडवत नाहीत, त्यांना भीती वाटत असते. भीतीचं कारण नीट ऐकून घेतलं की निम्मं काम होतं.

ठिकाण : किलोमीटर मोजू नका, रस्ता मोजा

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. माझा नियम साधा आहे : दोन तासांच्या आत, एकच ठिकाण, मधे मुक्काम बदलायचा नाही. नकाशात जवळ दिसणारा रस्ता खड्ड्यांनी भरलेला असेल तर तो लांबच आहे. गेल्या आठवड्यात त्या वाटेने गेलेल्या कुणाला तरी विचारा. एसटीचे ड्रायव्हर, दूधवाले, भाजीची गाडी घेऊन येणारे यांना रस्त्याची ताजी खबर असते.

बेळगावकरांसाठी जांबोटीचा भाग सोयीचा, हवा थंड, गर्दी कमी. आंबोली चंदगडमार्गे साधारण दोन तासांत येते; वरच मुक्काम करायचा, सावंतवाडीकडे घाट उतरायचा नाही. खानापूरच्या बाजूला राहिलात तर हलशीचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ बघून या. कदंबांच्या काळातलं, शांत, आणि दुपारी दगडाचा गारवा पायाला लागतो. गोकाकचा धबधबा बघायचा तर लांबून बघा. झुलत्या पुलावर गर्दीत चढू नका, तो पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या पायांसाठी नाही.

गोव्याचा समुद्रच हवा असेल तर चोर्ला किंवा अनमोडच्या वळणांपेक्षा रेल्वे बरी. लोंडा-कॅसलरॉकमार्गे गाडीत उठून चालता येतं, शौचालय हाताशी असतं. गरोदर बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तिकीट काढताना डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. विमान म्हणाल तर २८ आठवड्यांनंतर कंपनीचा नियम आधीच विचारून घ्या, पत्र मागतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. उत्तर कन्नड, दोडामार्ग, सत्तरी या भागांत डिसेंबर ते मे माकडतापाचे दिवस असतात; तो गोचिडीतून होतो. जंगलात आत फिरायला जाऊ नका, पाचोळ्यात बसू नका. व्हरांड्यातून जंगल दिसतं तेवढं पुरे.

खोली ठरवताना विचारायचे प्रश्न

आम्ही पहिल्यांदा जे ठिकाण धरलं तिथली खोली फोटोत फार सुंदर होती. पोचलो तर खोली माळ्यावर, सात उभ्या लाकडी पायऱ्या, कठडा नाही, आणि शौचालय खाली अंगणापलीकडे. त्या पायरीवर पाय ठेवला आणि माझा हात आपोआप पोटाखाली गेला. नवऱ्याने काही न बोलता बॅगा परत गाडीत ठेवल्या. दुसरी खोली मिळेपर्यंत दोन तास गेले. म्हणून फोनवरच विचारा : खोली तळमजल्यावर आहे का, कमोड खोलीतच आहे का, गरम पाणी कुठल्या वेळेत, पिण्याचं पाणी उकळलेलं मिळेल का, रात्री लाइट गेली तर काय, जवळचं रुग्णालय किती वेळावर, मोबाइलला रेंज कोणत्या कंपनीची येते. जांबोटी सोडून आत गेलं की रेंज जाते-येते, त्यामुळे शेवटचा प्रश्न सोडू नका. मसाज, स्टीम, गरम पाण्याचा टब असं काही देत असतील तर स्टीम आणि टबला सरळ नाही म्हणा.

पिशवी आणि गाडी

तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारं आईचं सरकारी कार्ड), सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट लिहिलेला कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्याचे फोटो दोघांच्याही मोबाइलवर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. घरची उशी, एक नव्हे दोन. एक पाठीला, एक गुडघ्यांच्या मधे. सैल चपला. भाजलेले शेंगदाणे, चिरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, कारण भूक अवेळी लागते.

सीट बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. पोटावरून कधीच नाही. वाट दीड तासापेक्षा मोठी असेल तर मधे गाडी थांबवून दहा मिनिटं चाला, पायात रक्त साकळू नये म्हणून. तहान नसली तरी पाणी पीत राहा.

१०८ ची रुग्णवाहिका कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे आहे, नंबर तोच. रक्त जाणं, पाणी जाणं, राहून राहून पोट आवळणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल कमी वाटणं : यातलं काहीही झालं तर सहल तिथेच संपली, थेट रुग्णालय.

तिथे पोचल्यावर

काही बघायचं नाही, हे आधीच एकमेकांना सांगून ठेवा. सकाळी उशिरा उठा, गरम भाकरी-पिठलं मागवा, दुपारी डाव्या कुशीवर झोपा. कच्ची मोडं, न उकळलेलं दूध, रस्त्यावरचा उसाचा रस नको.

आणि बोला. घरी चार माणसांत जे बोलता येत नाही ते. बाळंतपण माहेरी की बेळगावात? माझं माहेर गडहिंग्लजकडे, म्हणजे राज्यच वेगळं. तायी कार्ड इथलं, डॉक्टर तिथले, नाव नोंदवायचं कुठं, रात्री अचानक निघावं लागलं तर कोण नेणार. हे आम्ही व्हरांड्यात बसून एका वहीच्या पानावर लिहिलं. पैशांचंही लिहिलं. नवऱ्याने पहिल्यांदाच सांगितलं की बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभं राहायची त्याला भीती वाटते. तोपर्यंत मला वाटायचं फक्त मीच घाबरलेय.

परत येताना

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला निघा, दुपारच्या जेवणाला घरी. वाटेत एकच थांबा : बेळगावात कुंदा घ्यायला, सासूबाईंसाठी. साखरेची तपासणी जवळ आलेली असेल तर स्वतः चमचाभर चाखा, बाकीचा डबा त्यांच्या हातात द्या. आणि सोमवारी दोघांनीही रजा टाकलेली असू द्या. ती वही, ते पान, डॉक्टरांच्या पुढच्या तारखेच्या कागदाला टाचणी लावून ठेवायला तेवढी सकाळ लागते.